रेनाँचे व्याख्यान आणि अफगाणींचे उत्तर

२९ मार्च १८८३ रोजी पॅरिसच्या सॉर्बन विद्यापीठात अर्नेस्ट रेनाँ या ख्यातनाम फ्रेंच पंडिताने 'इस्लाम आणि विज्ञान' या विषयावर एक व्याख्यान दिले. दुसऱ्याच दिवशी ते 'जुर्नाल दे देबा' या प्रतिष्ठित वृत्तपत्रात छापून आले. सुमारे सात आठवड्यांनंतर, १८ मे रोजी, त्याच वृत्तपत्रात सय्यद जमालुद्दीन अफगाणी यांचे उत्तर प्रसिद्ध झाले आणि लगेच १९ मे रोजी रेनाँने त्यावर प्रत्युत्तर लिहिले. या छोट्याशा लेखन-व्यवहाराला आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. तथापि त्यात उपस्थित झालेला प्रश्न आजही आपल्या घरात येऊन उभा राहतो. विज्ञान शाखेत शिकणारा मुलगा किंवा मुलगी एके दिवशी जेवताना विचारते की, धर्म आणि विज्ञान एकमेकांचे वैरी आहेत असे पुस्तकात म्हटले आहे, ते खरे आहे काय? अशा वेळी आपण सहसा अल-ख्वारिझ्मी आणि इब्ने सीना यांची नावे घेतो आणि विषय संपवतो. रेनाँने नेमके हेच उत्तर अपुरे आहे असे म्हटले होते. म्हणून हा वाद मुळातून पाहणे उपयुक्त ठरेल.

रेनाँ कोण होता हे समजल्याशिवाय त्याचे म्हणणे समजत नाही. १८२३ साली फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील त्रेगिए या लहानशा गावात त्याचा जन्म झाला. वडील समुद्रावर जाणारे; रेनाँ पाच वर्षांचा असतानाच ते बुडून मरण पावले. आई आणि थोरली बहीण आंरिएत यांनी त्याला वाढवले. गाव कॅथलिक, घर कॅथलिक, आणि हुशार मुलाने पाद्री व्हावे हीच सर्वांची इच्छा. त्यानुसार तो पॅरिसला गेला आणि अखेर सँ-सुल्पीस या धर्मविद्यालयात दाखल झाला. तिथे त्याने हिब्रू भाषा शिकून घेतली, जर्मन पंडितांचे बायबलविषयक संशोधन वाचले आणि त्याच्या मनात शंका निर्माण झाल्या. तौरातची पाच पुस्तके ज्या रूपात समोर आहेत त्या रूपात हजरत मूसा (अ.) यांनी लिहिलेली नाहीत, यशयाच्या ग्रंथाचा उत्तरार्ध एका वेगळ्या आणि नंतरच्या काळातील लेखकाचा आहे, दानियालचा ग्रंथ सांगितला जातो त्यापेक्षा बराच उत्तरकालीन आहे, अशा निष्कर्षांपर्यंत तो आला. चर्चची शिकवण होती की या ग्रंथांविषयी परंपरेने जे सांगितले आहे ते सर्वच्या सर्व मान्य केले पाहिजे. त्यातील एक वीट काढली की इमारत कोसळते. ऑक्टोबर १८४५ मध्ये, वयाच्या बावीसाव्या वर्षी, रेनाँने धर्मविद्यालय कायमचे सोडले.

आपल्या श्रद्धेला तत्त्वज्ञानाने नव्हे, तर इतिहास आणि भाषाशास्त्र यांनी तडा दिला, असे तो स्वतः पुढे सांगत असे. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपात धर्मावरचा मोठा आघात दुर्बिणीने केला नाही; तो हस्तलिखितांच्या तुलनेने, व्याकरणाने आणि कालनिर्णयाने केला. पवित्र कुरआनाने पूर्वीच्या ग्रंथांत मानवी हात फिरल्याचे सांगितलेले असल्यामुळे मुस्लिम वाचकाला रेनाँच्या या निष्कर्षांनी फारसा धक्का बसणार नाही. मात्र जो तरुण लहानपणापासून एकच गोष्ट सत्य मानत आला, त्याच्यावर काय प्रसंग ओढवला असेल याची कल्पना आपण करू शकतो.

श्रद्धा गेली, पण श्रद्धेची भूक गेली नाही. १८४८-४९ मध्ये त्याने 'विज्ञानाचे भवितव्य' हा जाडजूड ग्रंथ लिहिला; तो छापला मात्र १८९० मध्ये. पूर्वी मनुष्य ज्या अपेक्षेने धर्माकडे पाहत असे त्याच अपेक्षेने आता विज्ञानाकडे पाहावे, मानवजातीची संपूर्ण रचना विज्ञानाने करावी, असा त्याचा आशय आहे. वाचताना वाटते की पाद्र्याने झगा उतरवला, पण प्रवचन चालूच ठेवले. रेनाँसारखे असे कितीतरी लोक त्या शतकात युरोपात होऊन गेले.

१८६२ मध्ये कोलेज द फ्रान्स या संस्थेत त्याची हिब्रूच्या अध्यासनावर नेमणूक झाली. पहिल्याच व्याख्यानात त्याने हजरत ईसा (अ.) यांचा उल्लेख 'अतुलनीय मनुष्य' असा केला. मनुष्य! चर्चच्या दृष्टीने हा शब्दच अपराध होता. व्याख्याने बंद करण्यात आली. पुढच्या वर्षी त्याचे 'येशूचे चरित्र' प्रसिद्ध झाले आणि प्रचंड खपले. १८६४ मध्ये त्याचे पद काढून घेण्यात आले आणि ते त्याला १८७० मध्येच परत मिळाले. विशेष म्हणजे, ज्या व्याख्यानामुळे त्याच्यावर ही वेळ आली त्यातच त्याने इस्लामवरही अत्यंत कठोर टीका केली होती. इस्लाम म्हणजे युरोपचे संपूर्ण निषेधरूप आहे असे त्याचे म्हणणे होते. चर्चशी लढणाऱ्या या माणसाला लढण्यासाठी एक दुसरे चर्चही हवे होते, असे म्हणावेसे वाटते.

१८८३ चे व्याख्यान कोणत्या वातावरणात झाले तेही पाहावे. १८८१ आणि १८८२ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल फेरी यांच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले होते. शाळा कोणाची, पाद्र्याची की प्रजासत्ताकाची, यावर गावोगाव भांडणे चालू होती. त्याच १८८१ मध्ये फ्रान्सने ट्यूनिशिया ताब्यात घेतला आणि १८८२ मध्ये इंग्रजांनी इजिप्त. म्हणजे सभागृहातील श्रोत्यांसमोर दोन प्रश्न एकाच वेळी होते: आपल्या देशातील धर्मसत्तेचे काय करायचे, आणि जिंकलेल्या मुस्लिम प्रजेविषयी काय समजायचे. रेनाँने दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर दिले.

त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा होता. मुस्लिम देशांची सध्याची अवनती उघड आहे. मुस्लिम बालक दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत चलाख असते. धार्मिक शिक्षण सुरू झाले की त्याच्या डोक्याभोवती जणू लोखंडी कडे बसते आणि नव्या विचाराला जागा उरत नाही. लोक 'अरब विज्ञान', 'मुस्लिम तत्त्वज्ञान' असे म्हणतात. परंतु सुमारे इ.स. ७७५ पासून तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जी विद्या बहरली ती ग्रीक होती, ती आणणारे नेस्टोरियन ख्रिस्ती आणि हर्रानचे लोक होते, आणि तिचे आचार्य बुखारा, समरकंद, कुर्तुबा, इश्बिलिया इथले होते. खरा अरब तत्त्वज्ञ काय तो एक अल-किंदी. ही विद्या इस्लाममुळे नव्हे, इस्लाम असूनही वाढली. इब्ने सीना आणि इब्ने रुश्द यांचे श्रेय इस्लामला देणे म्हणजे गॅलिलिओचे श्रेय कॅथलिक चर्चला देण्यासारखे आहे. युरोपातील धर्मशास्त्र्यांनीही छळ कमी केला नाही, फक्त त्यांना यश आले नाही. म्हणून मुस्लिमाला त्याच्या धर्मापासून मुक्त करणे हीच त्याची सर्वांत मोठी सेवा होय.

व्याख्यानाच्या अखेरीकडे त्याने एक पत्र वाचून दाखवले. निनवेहचे उत्खनन करणारे इंग्रज संशोधक लेयर्ड यांनी मोसुलच्या एका काझींकडे शहराची लोकसंख्या, व्यापार आणि इतिहास यांविषयी माहिती मागितली होती. काझींनी अत्यंत गोड भाषेत कळवले की, ही माहिती निरुपयोगीही आहे आणि हानिकारकही. आपण कधी घरे मोजली नाहीत, कोण खेचरावर काय लादतो हे विचारले नाही. सभागृहात यावर हशा पिकला असेल.

त्याच व्याख्यानात रेनाँने आणखी एक कबुली दिली, जी आपले लेखक सहसा सांगत नाहीत. मशिदीत पाऊल ठेवताना आपले मन नेहमी हेलावते आणि आपण मुस्लिम नाही याची थोडी खंतही वाटते, असे तो म्हणाला. त्रेगिएच्या चर्चमध्ये वाढलेला मुलगा त्या क्षणी बोलत असावा.

या युक्तिवादातील एक दोष त्याच्याच लेखनातून दाखवता येतो. याच रेनाँने ११ मार्च १८८२ रोजी, म्हणजे अवघ्या एक वर्षापूर्वी, याच सॉर्बनमध्ये 'राष्ट्र म्हणजे काय?' हे गाजलेले व्याख्यान दिले होते. राष्ट्र वंशाने बनत नाही, युरोपात शुद्ध वंश असा कोणताही नाही, एकत्रित आठवणी आणि एकत्र राहण्याची इच्छा यांनी राष्ट्र बनते, असे त्याने तिथे सिद्ध केले. फ्रेंच लोकांसाठी जो नियम, तो बगदाद आणि कुर्तुबासाठी मात्र नाही! तिथे प्रत्येक विद्वानाचा वंश तपासायचा आणि मग म्हणायचे की, हा इराणी, तो स्पॅनिश, मग अरबांचे काय उरले?

अफगाणींनी नेमका इथेच घाव घातला. त्या वर्षाच्या आरंभी ते पॅरिसमध्ये आले होते. संशोधकांच्या मते त्यांचा जन्म इराणमधील हमदानजवळच्या असदाबाद येथला, १८३८-३९ चा. ते स्वतःला अफगाण म्हणवीत. १८७९ मध्ये इजिप्तमधून हद्दपार झाल्यावर ते हिंदुस्थानात आले आणि निजामाच्या हैदराबादेत राहिले. त्या वेळी आपला मराठवाडाही त्याच राज्यात होता. हैदराबादेतच त्यांनी फारसी भाषेत 'नेचरी' मताचे खंडन करणारी पुस्तिका लिहिली, जिचा रोख सर सय्यद अहमद खान यांच्या विचारांवर होता. धर्म नसेल तर समाजाचा पायाच ढासळतो, असे तिचे प्रतिपादन आहे.

पॅरिसमधील उत्तरात त्यांनी रेनाँला विचारले की, विज्ञानाला झालेला अडथळा इस्लाम धर्मातूनच उद्भवला, की तो ज्या रीतीने पसरला त्यातून, की ज्या लोकांनी तो स्वीकारला त्यांच्या स्वभावातून? व्याख्यानात याचा उलगडा नव्हता. पुढे त्यांनी म्हटले की युरोपीय लोक ग्रीसच्या शेजारी असूनही त्यांनी ॲरिस्टॉटलकडे लक्ष दिले नाही. तो अरबी पेहराव घालून आला तेव्हा कुठे त्याचे स्वागत झाले. इब्ने बाजा, इब्ने तुफैल आणि इब्ने रुश्द हे अरबस्तानात जन्मले नाहीत म्हणून अल-किंदीपेक्षा कमी अरब ठरत असतील, तर माझारँ आणि नेपोलियन यांनाही फ्रान्सने आपले म्हणू नये. हा टोला फ्रेंच वाचकांना चांगलाच झोंबला असणार. आणि ख्रिस्ती धर्म इस्लामच्या कित्येक शतके आधीचा आहे. त्याच्या अनुयायांना बंधने तोडायला जितका वेळ मिळाला तितका वेळ मुस्लिमांना मिळालेला नाही, मग निराशेचा निकाल आताच कशासाठी?

इथपर्यंत आपल्याला आनंद होतो. अफगाणींच्या अनेक चरित्रांमध्ये हा वाद इथेच थांबतो आणि 'इस्लामच्या बाजूने दिलेले सडेतोड उत्तर' असे त्याचे वर्णन होते. परंतु मूळ लेख इथे थांबत नाही. इस्लामने विज्ञानाची गळचेपी करण्याचा प्रयत्न केला हे अफगाणींनी त्यात मान्य केले आहे. सर्वच धर्म आपापल्या रीतीने असहिष्णू असतात. धर्म आणि मुक्त विचार यांचा संघर्ष माणूस आहे तोवर चालू राहील. आणि सामान्य जनतेला बुद्धिवाद रुचत नसल्याने त्या संघर्षात मुक्त विचाराचा विजय होईल असे वाटत नाही, असा लेखाचा शेवट आहे. हैदराबादच्या पुस्तिकेतील लेखक आणि पॅरिसच्या वृत्तपत्रातील लेखक एकच आहे, यावर विश्वास बसणे कठीण जाते.

याचा अर्थ कसा लावायचा? काहींनी फ्रेंच मजकूर अफगाणींच्या मताशी प्रामाणिक आहे की नाही याविषयीच शंका घेतली आहे. काहींच्या मते ते श्रोता पाहून बोलत. अरबी आणि फारसी वाचकांशी एक, युरोपीय वाचकांशी दुसरे. मला दुसरे स्पष्टीकरण अधिक संभवनीय वाटते, आणि ते सांगताना संकोच वाटत असला तरी लपवण्याचे कारण दिसत नाही. साम्राज्यवादाविरुद्ध मुस्लिमांना जागे करणारे म्हणून, मुहम्मद अब्दुह यांच्यासारख्या शिष्याबरोबर १८८४ मध्ये पॅरिसमधून 'अल-उरवतुल वुस्का' काढणारे म्हणून त्यांचे ऋण मोठे आहे. पण या एका प्रश्नावर त्यांनी युरोपीय चौकटच स्वीकारली: एका बाजूला धर्म, दुसऱ्या बाजूला बुद्धी. त्या चौकटीत उत्तर देऊ लागले की तडजोड तेवढी उरते.

रेनाँने दुसऱ्या दिवशी लिहिलेले प्रत्युत्तर आदराने भरलेले आहे. अफगाणींशी दोन महिन्यांपूर्वी आपली भेट झाली, त्या संभाषणामुळेच व्याख्यानाचा विषय सुचला, आणि त्यांच्याशी बोलताना इब्ने सीना किंवा इब्ने रुश्द पुन्हा जिवंत होऊन समोर बसल्याचा भास झाला, असे तो सांगतो. ही स्तुती दुधारी आहे. हा मनुष्य इतका मोठा, कारण तो इस्लामच्या पूर्वग्रहांतून सुटला आहे, असा तिचा आशय. म्हणजे मूर्ख मुस्लिम हा इस्लामचा पुरावा आणि बुद्धिमान मुस्लिम हा इस्लामबाहेरचा! या पद्धतीने कोणताही धर्म, कोणताही समाज दोषी ठरवता येईल.

इतर उत्तरेही झाली. तुर्की कवी आणि विचारवंत नामिक कमाल यांनी मिदिल्ली बेटावर असताना खंडन लिहिले, जे त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. सेंट पीटर्सबर्गचे इमाम अताउल्लाह बायझीतोव यांनी १८८३ मध्येच रशियन भाषेत उत्तर दिले. या दोघांनी अफगाणींची तडजोड केली नाही.

मग रेनाँच्या मूळ दाव्याचे काय? ज्या इब्ने रुश्द यांच्यावर त्याने १८५२ मध्ये ग्रंथ लिहिला, त्यांच्यापासूनच आरंभ करू. इब्ने रुश्द हे इश्बिलिया आणि कुर्तुबाचे काझी होते, त्यांचे आजोबाही काझी होते. फिकहवरील त्यांचा 'बिदायतुल मुज्तहिद' आजही मदरशांतून अभ्यासला जातो. 'फस्लुल मकाल'मध्ये त्यांनी तत्त्वचिंतनाचा प्रश्न शरीअतच्या भाषेतच विचारला आहे: ते वाजिब आहे, मुबाह आहे की हराम? आणि पात्र व्यक्तीसाठी ते वाजिब आहे असा निर्णय पवित्र कुरआनाच्या आधाराने दिला आहे. असे लिहिणारा मनुष्य धर्माच्या विरोधात उभा होता असे म्हणता येत नाही. ११९५ मध्ये त्यांना हद्दपार केले गेले, त्यांचे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळले गेले, हेही तितकेच खरे. नंतर त्यांना सन्मानाने परत बोलावले गेले आणि ११९८ मध्ये मराकेश येथे त्यांचा मृत्यू झाला. स्वतः रेनाँलाही एका व्याख्यानापायी पद गमवावे लागले होते. सत्ताधारी लोकक्षोभाला कसे घाबरतात हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

इमाम गजाली (रह.) यांनी विज्ञान संपवले हा आरोपही नेहमी होतो. त्यांनी तत्त्वज्ञांच्या अतिभौतिक सिद्धांतांवर कठोर टीका केली. परंतु ग्रहणाचे गणित नाकारून आपण धर्माचे रक्षण करतो असे समजणारा माणूस धर्माची हानीच करतो, हेही त्यांनीच स्पष्टपणे लिहिले आहे. हे वाक्य आपल्या मिंबरवरून फारसे ऐकू येत नाही.

आणि तेराव्या शतकानंतर सर्व काळोख? रेनाँला बरेच काही माहीत नव्हते, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही, कारण काही महत्त्वाचे पुरावे त्याच्या मृत्यूनंतर समोर आले. हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त फुप्फुसांतून जाऊन डावीकडे येते, हे १२८८ मध्ये निधन पावलेले इब्ने नफीस यांनी लिहून ठेवले होते. ते वैद्य होते आणि शाफई फिकहचे विद्वानही. त्यांचे हे लेखन १९२४ मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरने जर्मनीत हस्तलिखितांतून शोधून काढले. नसीरुद्दीन तूसी यांची मरागा वेधशाळा १२५९ ची, उलुग बेग यांची १,०१८ ताऱ्यांची सूची १४३७ ची. सर्वांत बोलके उदाहरण इब्ने शातिर यांचे. दमास्कसच्या उमय्या मशिदीत ते मुवक्कित होते, म्हणजे नमाजच्या वेळा गणिताने ठरवणे हे त्यांचे काम. त्यांनी मांडलेली चंद्रगतीची रचना आणि सुमारे दीड शतकानंतर कोपर्निकसने मांडलेली रचना यांत विलक्षण साम्य आहे, हे १९५७ मध्ये उघडकीस आले. हा ज्योतिर्विद मशिदीचा पगारी सेवक होता आणि त्याच्या गणिताची पहिली गरज नमाज हीच होती. 'इस्लाम असूनही' हे शब्द त्याला लागू करून दाखवावेत!

तरीही मोसुलच्या काझींचे ते पत्र माझ्या मनातून जात नाही. इस्तंबूलमध्ये तकीउद्दीन यांनी १५७७ च्या सुमारास उभारलेली वेधशाळा १५८० मध्ये सुलतानाच्या आदेशाने पाडली गेली, आणि ती पाडणारे कोणी फ्रेंच नव्हते. ज्या काझींच्या परंपरेत इब्ने रुश्द झाले, त्याच परंपरेत घरे न मोजण्याचा अभिमान बाळगणारे काझीही झाले. रेनाँने दुसऱ्या काझींना इस्लाम म्हटले आणि पहिल्यांना अपवाद. आपण बहुधा याच्या उलट करतो. मुलांना प्रामाणिक उत्तर द्यायचे तर दोघांचाही हिशेब सांगावा लागेल, आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर अवतरलेला पहिला आदेश वाचनाचा असताना दुसऱ्या प्रकारचे काझी कसे निर्माण झाले, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारावा लागेल. तो रेनाँवर सोपवून चालणार नाही.

१८९२ मध्ये रेनाँचे निधन झाले. १९०३ मध्ये त्रेगिएच्या कॅथेड्रलसमोरील चौकात त्याचा पुतळा बसवण्यात आला; बसलेला रेनाँ आणि त्याच्या मागे उभी ग्रीक देवता अथीना. उद्घाटनाला पंतप्रधान कोंब स्वतः आले आणि बंदोबस्तासाठी सैनिक ठेवावे लागले. पुढच्या वर्षी गावातील कॅथलिकांनी निषेध म्हणून आपले एक क्रूसचे शिल्प उभारले. अफगाणी १८९७ मध्ये इस्तंबूलला वारले. १९४४ मध्ये त्यांचे अवशेष काबूलला नेण्यात आले. आणि दमास्कसमध्ये इब्ने शातिर यांनी १३७१ मध्ये उमय्या मशिदीच्या मिनारावर बसवलेली संगमरवरी छाया-घडी रेनाँच्याच काळात भंगली, तेव्हा तिथले मुवक्कित तंतावी यांनी तिची हुबेहूब प्रतिकृती कोरून त्याच जागी बसवली. मूळ दगड दमास्कसच्या संग्रहालयात आहे.